कारचा विमा बदलताना आणि रद्द करताना: आधी काय, नंतर काय

कारचा विमा दुसऱ्या कंपनीकडे नेणे ही एक गोष्ट आहे आणि चालू पॉलिसी रद्द करणे ही दुसरी. बहुतेक घोटाळे या दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे होतात. मुदत संपताना कंपनी बदलायची असेल, तर जुन्या कंपनीची परवानगी लागत नाही आणि तिच्याकडे कोणताही अर्ज करावा लागत नाही. जुनी पॉलिसी ठरलेल्या मध्यरात्री संपते आणि नव्या कंपनीची त्याच क्षणापासून सुरू होते. आरोग्य विम्यातील ‘पोर्टेबिलिटी’सारखी प्रक्रिया वाहन विम्यात नाही, त्यामुळे ‘पोर्ट करून देतो’ असे सांगणारा एजंट प्रत्यक्षात दुसऱ्या कंपनीची नवी पॉलिसीच विकत असतो.

रद्द करण्याचा प्रश्न उद्भवतो तो मुदतीच्या मध्येच गाडी विकली, भंगारात दिली, चुकून दोन पॉलिसी घेतल्या किंवा चालू कंपनीकडे राहायचेच नाही असे ठरवले तर. त्या वेळी कामांचा क्रम चुकला, तर काही दिवस गाडी विम्याशिवाय राहते, ‘नो क्लेम बोनस’ (एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) बुडतो किंवा विकलेल्या गाडीच्या अपघाताची नोटीस आपल्या दारी येते. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. आपल्याला लागू नसलेला टप्पा वगळावा, परंतु क्रम बदलू नये.

टप्पा १: हातातील पॉलिसी नेमकी कोणती, हे पाहावे

पॉलिसीची पीडीएफ उघडून पहिले पान नीट वाचावे. ‘फुल इन्शुरन्स आहे’ एवढ्या माहितीवर कोणताही निर्णय घेता येत नाही. कारच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची, मृत्यूची किंवा मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा भाग प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे. दुसरा भाग ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान व चोरी यांचा, तो ऐच्छिक आहे. दोन्ही भाग एकत्र असले, की लोक त्याला ‘फर्स्ट पार्टी’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणतात.

सर्वाधिक गोंधळ तीन वर्षांच्या आतील गाड्यांबाबत होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारसाठी थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, तर ओन डॅमेजचा भाग सहसा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या अंतिम तारखा छापलेल्या असतात. गाडीला एक वर्ष झाले, की फक्त ओन डॅमेजचा भाग संपतो आणि तो भाग स्वतंत्रपणे कोणत्याही दुसऱ्या कंपनीकडून घेता येतो. ही सोय १ सप्टेंबर २०१९ पासून उपलब्ध आहे. थर्ड पार्टीचा भाग मात्र मूळ कंपनीकडे तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत तसाच चालू राहतो.

सावधान: गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात असताना ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ पर्याय निवडला, तर थर्ड पार्टीचे पैसे दुसऱ्यांदा भरले जातात. या काळात ‘स्टँडअलोन ओन डॅमेज’ हाच पर्याय निवडावा आणि अर्जात चालू थर्ड पार्टी पॉलिसीचा क्रमांक, कंपनीचे नाव व अंतिम तारीख अचूक भरावी.

टप्पा २: कागद आधी जमवावेत, कोटेशन नंतर मागवावे

आरसी, चालू पॉलिसी, त्याआधीच्या वर्षाची पॉलिसी, गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नेमके नाव, आणि गेल्या वर्षभरात क्लेम घेतला असल्यास त्याचा क्रमांक, एवढे समोर ठेवून बसावे. पॉलिसीवरील इंजिन क्रमांक आणि चॅसी क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. जुन्या पॉलिसीत एक अंक चुकलेला असेल, तर ती चूक नव्या पॉलिसीत जशीच्या तशी उतरते आणि अपघातानंतर नुकसान तपासणारा सर्व्हेअर समोर उभा राहीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

आणखी दोन गोष्टी हमखास सुटतात. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल, तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर, अशी दोन्हीकडे हवी. कर्ज फिटले असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओकडून आरसीवरील बोजा उतरवून घ्यावा आणि मगच नव्या पॉलिसीत बँकेचे नाव वगळावे. पॉलिसीवर बँकेचे नाव राहिले, तर गाडी चोरीला गेल्यावर किंवा पूर्णपणे निकामी झाल्यावर भरपाईची रक्कम आपल्या हाती येण्याआधी बँकेच्या पत्रासाठी खेटे घालावे लागतात.

तपासा: ओन डॅमेजची अंतिम तारीख, थर्ड पार्टीची अंतिम तारीख आणि चालू एनसीबीची टक्केवारी या तीन गोष्टी कागदावर लिहून काढता येत नसतील, तर पुढे जाऊ नये.

टप्पा ३: एनसीबीचा हिशेब खरा मांडावा

नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, ही विम्यातील आपली खरी शिल्लक. क्लेम न घेता एक वर्ष पूर्ण झाले की २० टक्के, दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सवलत मिळते. ती केवळ ओन डॅमेजच्या हप्त्यावर असते. थर्ड पार्टीच्या हप्त्याशी तिचा संबंध नाही. समजा, एका १,२०० सीसी कारचा ओन डॅमेजचा हप्ता ९,००० रुपये आहे आणि एनसीबी ४५ टक्के आहे. तो भाग ४,९५० रुपयांवर येतो. त्यात १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळवला, की सुमारे ९,८७२ रुपये होतात. एनसीबी गेला तर त्याच गाडीला सुमारे १४,६५१ रुपये लागतात. म्हणजे जवळजवळ पावणेपाच हजारांचा फरक केवळ एका निष्काळजीपणाने पडू शकतो.

एनसीबीबाबत चार नियम पक्के लक्षात ठेवावेत. पहिला, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. त्यामुळे कंपनी बदलली किंवा गाडी बदलली तरी तो आपल्याबरोबर येतो, मात्र नवे वाहन त्याच वर्गातील हवे. दुसरा, पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर तो शून्यावर येतो. तिसरा, पुढची पायरी गाठायला पॉलिसी पूर्ण बारा महिने चालावी लागते. आठव्या महिन्यात पॉलिसी रद्द करून दुसरीकडे गेल्यास आधी कमावलेली टक्केवारी टिकते, परंतु त्या आठ महिन्यांचे श्रेय मिळत नाही. मुदतीच्या मध्ये कंपनी बदलण्याच्या विरोधात माझा मुख्य मुद्दा हाच आहे: परताव्याचे पैसे दिसतात, गमावलेली पायरी दिसत नाही. चौथा, एकच एनसीबी एका वेळी दोन गाड्यांवर वापरता येत नाही.

सावधान: ‘गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का?’ या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नये आणि विसरून तर मुळीच देऊ नये. एका वर्षी मी स्वतः ‘नाही’ वर टिचकी मारून पुढे गेलो होतो, कारण आठ महिन्यांपूर्वी बदललेला बंपर माझ्या लेखी ‘क्लेम’ नव्हताच. पैसे भरण्याआधी घरच्यांनी आठवण करून दिली म्हणून निभावले. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून एनसीबीची खातरजमा करून घेते, आणि माहिती खोटी निघाली तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. चूक झालीच असेल, तर अपघात होण्याची वाट न पाहता लेखी कळवून फरकाची रक्कम भरावी.

पैसे देऊन मूळ पॉलिसीला जादा संरक्षण म्हणून जोडून घेतलेले ‘एनसीबी प्रोटेक्शन’ हे अॅड-ऑन त्या कंपनीच्या अटींवर चालते. त्याच्या जोरावर क्लेम घेऊनही टिकलेली टक्केवारी नवी कंपनी मान्य करील असे गृहीत धरू नये. तिच्याकडून आधी लेखी उत्तर घ्यावे.

टप्पा ४: दर तपासताना समान गोष्टींची तुलना करावी

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते आणि तो सर्व कंपन्यांना सारखाच असतो, म्हणून ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ या वाक्याला काही अर्थ नाही. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये आणि अॅड-ऑनमध्ये.

तुलनेतील सर्वांत मोठी फसगत आयडीव्हीची असते. आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. चोरी झाली किंवा दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक झाला, तर हीच रक्कम हिशेबाचा आधार ठरते. एका कंपनीने आयडीव्ही ५,६०,००० रुपये धरून आणि दुसरीने ४,८०,००० धरून हप्ता सांगितला, तर दुसरी स्वस्तच दिसणार. हप्त्यात वाचलेल्या काही शे रुपयांसाठी गाडी चोरीला गेल्यावर ८०,००० रुपये सोडून द्यायचे का, हा प्रश्न त्या वेळी विचारावा. ठरलेल्या कोष्टकानुसार गाडी एक ते दोन वर्षांची असल्यास घसारा २० टक्के, दोन ते तीन वर्षांची असल्यास ३० टक्के, तीन ते चार वर्षांची ४० आणि चार ते पाच वर्षांची असल्यास ५० टक्के धरतात. त्यापुढे किंमत परस्पर संमतीने ठरते. सर्व कंपन्यांकडून एकच आयडीव्ही धरून आकडे मागवावेत.

‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये स्वतःच्या खिशातून भरण्याची आपण मान्य केलेली जादा रक्कम. हप्ता अनपेक्षितपणे कमी दिसला, तर हा रकाना उघडून पाहावा. जुन्या पॉलिसीत ‘झिरो डेप’, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई, नसेल, तर बहुतेक कंपन्या ते नव्याने देण्याआधी गाडीची तपासणी मागतात किंवा नकार देतात. आपल्या गावाजवळचे कोणते गॅरेज नव्या कंपनीच्या कॅशलेस यादीत (जिथे दुरुस्तीचे पैसे कंपनी थेट गॅरेजला देते) आहे, हेही याच टप्प्यावर पाहावे. पुण्या-मुंबईत यादी लांबलचक असते, परंतु तालुक्याच्या ठिकाणी ती एका-दोन नावांवर येते, आणि मग स्वस्त पॉलिसीसाठी गाडी टोइंग करून सत्तर किलोमीटर न्यावी लागते.

मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा अर्जात आपोआप जोडलेला असतो. तेवढ्या किंवा त्याहून अधिक रकमेचे संरक्षण दुसऱ्या पॉलिसीतून आधीच असेल, तर तसे घोषित करून तो वगळता येतो. नसेल, तर काही शे रुपये वाचवण्यासाठी तो काढू नये.

टप्पा ५: नवी पॉलिसी घ्यावी, आणि तारखा जुळवाव्यात

मुदत संपण्याच्या किमान दहा ते पंधरा दिवस आधी नवी पॉलिसी घ्यावी, मात्र तिची सुरुवात पुढील तारखेपासून ठेवावी. जुनी पॉलिसी १४ ऑगस्टच्या मध्यरात्री संपत असेल, तर नवी १५ ऑगस्टच्या ००:०० वाजल्यापासून सुरू झाली पाहिजे. काही पॉलिसींवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते आणि वाद झाल्यास ती वेळच ग्राह्य धरली जाते. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४व्हीबीप्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम स्वीकारत नाही, म्हणून खात्यातून पैसे गेले पण पॉलिसी आली नाही, अशा अवस्थेत गाडी बाहेर काढू नये. आधी पॉलिसी क्रमांक हातात यावा.

एक दिवसाचा खंड पडला तरी काय होते? त्या दिवशी गाडी रस्त्यावर आली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. परंतु दंड ही त्यातली किरकोळ बाब आहे. त्या दिवशी अपघातात कोणी दगावले, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई स्वतःच्या मालमत्तेतून द्यावी लागते. शिवाय ओन डॅमेजच्या भागात खंड पडल्यास नवी कंपनी तपासणीशिवाय तो देत नाही. ही तपासणी आता बहुधा मोबाइलवर व्हिडिओ काढून होते. गाडी धुऊन, उजेडात, चारही बाजू, काचा, चॅसी क्रमांक आणि चालू मीटर स्पष्ट दिसतील असा व्हिडिओ काढावा. आधीचे ओरखडे लपवण्याचा प्रयत्न करू नये, कारण ते नोंदवले गेले तर फक्त तेवढेच भाग वगळले जातात. लपवले गेले तर पुढील प्रत्येक क्लेमकडे संशयाने पाहिले जाते.

जुन्या कंपनीच्या अॅपवर किंवा कार्डावर ‘ऑटो रिन्यूअल’ची संमती दिली असेल, तर ती आत्ताच बंद करावी. दोन पॉलिसी होण्याचे हे नवे आणि वाढते कारण आहे.

टप्पा ६: नवी पॉलिसी आली, की त्याच दिवशी तपासावी

नाव, नोंदणी क्रमांक, इंजिन व चॅसी क्रमांक, इंधनाचा प्रकार, आयडीव्ही, एनसीबी, अॅड-ऑन, बँकेचे नाव आणि दोन्ही भागांच्या तारखा, एवढे वाचायला दहा मिनिटे पुरतात. चूक आढळली तर ईमेलने दुरुस्ती मागावी. या दुरुस्तीला ‘एंडॉर्समेंट’ म्हणतात आणि तिचा कागद पॉलिसीइतकाच महत्त्वाचा असतो. त्यानंतर काही दिवसांनी एम-परिवहन अॅपवर गाडीचा क्रमांक टाकून सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत नव्या विम्याची तारीख दिसते का, ते पाहावे. जुनीच तारीख दिसत असेल, तर कंपनीला कळवावे, कारण नाक्यावर पोलीस हीच नोंद पाहतात.

मुदत संपताना कंपनी बदलणाऱ्यांचे काम येथे पूर्ण झाले. पुढील टप्पे मुदतीच्या मध्ये पॉलिसी रद्द करणाऱ्यांसाठी आहेत.

टप्पा ७: चालू पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज

विमा नियामक प्राधिकरणाच्या जून २०२४ च्या मास्टर परिपत्रकानुसार वैयक्तिक ग्राहकाला कारण न देता केव्हाही पॉलिसी रद्द करता येते. एक वर्षापर्यंतच्या पॉलिसीत क्लेम झालेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो: ३६५ दिवसांपैकी १४६ दिवस झाले असतील, तर २१९ दिवसांचा, म्हणजे ६० टक्के. एका वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या पॉलिसीत, ज्या वर्षांचे संरक्षण अद्याप सुरूच झालेले नाही त्यांचा हप्ता परत मिळतो. क्लेम घेतला असेल, तर परताव्याची अपेक्षा ठेवू नये.

तथापि, थर्ड पार्टी विमा सक्तीचा असल्यामुळे, गाडी रस्त्यावर आहे तोपर्यंत तो नुसता रद्द होत नाही. दुसरा वैध थर्ड पार्टी विमा असल्याचा पुरावा, किंवा गाडीची नोंदणीच रद्द झाल्याचा पुरावा, कंपनी मागते आणि तिने तो मागणे योग्यच आहे. म्हणून आधी नवी पॉलिसी हातात घ्यावी आणि तिची प्रत जोडूनच जुनी रद्द करण्याचा अर्ज करावा. ‘आधी परतावा येऊ दे, मग त्या पैशात नवी घेऊ’ हा हिशेब कागदावर बरा दिसतो, प्रत्यक्षात तो गाडी उघडी पाडतो.

अर्ज फोनवर करू नये. फोनवरचे आश्वासन सिद्ध करता येत नाही. ईमेल सिद्ध करता येतो. मजकूर एवढा पुरे:

“माझी पॉलिसी क्रमांक ____, वाहन क्रमांक ____, दिनांक ____ पासून रद्द करावी. वाहनाचा विमा ____ या कंपनीकडे पॉलिसी क्रमांक ____ अन्वये दिनांक ____ पासून सुरू असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. चालू पॉलिसीत कोणताही क्लेम घेतलेला नाही. परताव्याची रक्कम सोबतच्या रद्द केलेल्या धनादेशावरील खात्यात जमा करावी आणि रद्द झाल्याची एंडॉर्समेंट व एनसीबीचे पत्र मला ईमेलने पाठवावे.”

सोबत आरसी, ओळखपत्र, रद्द केलेला धनादेश आणि कर्ज असल्यास बँकेचे संमतिपत्र जोडावे. पॉलिसी एजंटामार्फत घेतली असली, तरी अर्ज थेट कंपनीच्या ग्राहक सेवा ईमेलवर पाठवून एजंटाला फक्त प्रत द्यावी.

दुहेरी विम्याबाबत एक बारकावा आहे. एकाच गाडीवर चुकून सारख्याच संरक्षणाच्या दोन पॉलिसी झाल्या, तर जुन्या मोटार टॅरिफच्या, म्हणजे वाहन विम्याच्या सामायिक नियमावलीच्या, नियमानुसार नंतर सुरू झालेली पॉलिसी रद्द होते, आधीची नाही. दोन्ही चालू असलेल्या काळात कोणत्याही एका पॉलिसीवर क्लेम झाला, तर त्या नियमानुसार परतावा मिळत नाही. त्यामुळे दुसरी पॉलिसी लक्षात येताच अर्ज करावा. ‘असू दे, दोन असलेल्या बऱ्या’ असे म्हणून दुप्पट भरपाई मिळत नसते.

तपासा: रद्द झाल्याची एंडॉर्समेंट हातात येईपर्यंत पॉलिसी रद्द झाली असे समजू नये.

टप्पा ८: गाडी विकली असेल, तर

सर्वांत महागात पडणारी चूक येथे होते. गाडीचे पैसे मिळाले, किल्ली दिली आणि त्याच संध्याकाळी विमा रद्द केला, असे कधीही करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले, की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. मध्ये गाडी किती हातांतून गेली याला महत्त्व नाही. म्हणजे आरसीवर आपले नाव असताना थर्ड पार्टी विमा रद्द करणे, हे स्वतःच्या घरादारावर जोखीम घेणे आहे.

योग्य क्रम असा. प्रथम मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते आरटीओकडे दाखल करावेत. कोरे फॉर्म सही करून ग्राहकाच्या किंवा दलालाच्या हाती देऊ नयेत. दाखल केल्याची पावती आणि व्यवहाराचा कागद जपून ठेवावा. नंतर नव्या मालकाच्या नावाची आरसी झाली, हे एम-परिवहनवर स्वतः पाहावे. त्यानंतर पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर वर्ग करावी किंवा त्याने दुसरी पॉलिसी घेतल्यावर आपली रद्द करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार हस्तांतरणाबरोबर विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते, परंतु त्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. ओन डॅमेजचा लाभ मात्र पॉलिसी नावावर झाल्याशिवाय त्याला मिळत नाही. आपला एनसीबी त्याला जात नाही, म्हणून कंपनी त्याच्याकडून उरलेल्या मुदतीच्या एनसीबीची रक्कम वसूल करते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी सौदा ठरवतानाच हा खर्च धरावा.

याच वेळी विक्रीचा पुरावा देऊन कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते. नोकरीसाठी दुबईला किंवा अमेरिकेला जाताना घरची गाडी विकणारे कितीतरी लोक हे पत्र घेत नाहीत आणि दोन वर्षांनी परत येऊन नवी गाडी घेताना शून्यापासून सुरुवात करतात. शोरूममध्ये जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्यांनीही हे पत्र नव्या गाडीची पॉलिसी तयार होण्याआधीच द्यावे.

गाडी भंगारात दिली असल्यास नोंदणीकृत केंद्राचे प्रमाणपत्र आणि आरटीओतील नोंदणी रद्द झाल्याची नोंद, ही दोन्ही आल्यावरच विमा रद्द करावा. मालकाचे निधन झाले असल्यास पॉलिसी लगेच संपत नाही. टॅरिफनुसार ती मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा मूळ मुदतीपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालते. तेवढ्या काळात वारसाने आरसी आणि पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. गाडी पत्नी, पती, मुले किंवा आईवडील यांच्याकडे आली, तर एनसीबीही त्यांच्याकडे येतो.

टप्पा ९: परतावा अडला, तर

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. दाद लागली नाही, तर नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते; त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व ठाणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तक्रारीबरोबर अर्जाचा ईमेल, नव्या पॉलिसीची प्रत आणि खात्याचा उतारा, एवढे जोडले तरी प्रकरण बरेच पुढे सरकते.

जुनी पॉलिसी संपली किंवा रद्द झाली, तरी तिची पीडीएफ, एंडॉर्समेंट आणि हप्त्याची पावती काढून टाकू नये. अपघाताच्या दिवशी जी पॉलिसी चालू होती, तिचीच कंपनी त्या अपघाताला जबाबदार असते, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस कित्येक महिन्यांनी येऊ शकते. तेव्हा ती नोटीस आजच्या कंपनीकडे नेऊन चालणार नाही. त्या दिवशीच्या पॉलिसीचा क्रमांक लिहून ती जुन्या कंपनीकडेच पाठवावी लागेल.